शेवटची सायकल

“बाईमानूस वैरागडले नाई येनार, म्हनजे नाई येनार!” मास्तरांनी माझ्या बापाच्या सायकल-दुकानातल्या बाकावर मूठ आपटली.

“काऊन?” मी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मान वर केली नाही.

“नागपूरहून कॅमेरावाला येऊन राह्यला. किल्ल्यापुढं फोटो निघनार. त्यात बाई दिसली तर लोक हसतीन!”

“अन् मुक्काम हाये,” कचेरीतले दामूभाऊ म्हणाले.

“वाटेवर आरमोरीले माही मावशी राह्यते,” मी म्हणाले.

“पंप दे दो ना, शांताबाई,” रहीमभाई टेलर समजुतीनं बोलले. “हवा हम भर लेंगे.”

हे भांडण जरा इथेच थांबवते. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आम्हा चौघांचा सायकल-गट होता. सुट्टी आली की पडके किल्ले, देवळं, लेणी. नियम एकच: पंप ज्याच्याकडे, त्याची सायकल शेवटी. पंक्चर मला एकटीलाच काढता येई, म्हणून तीन वर्षं मी शेवटी. मागून येणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. पुढच्यांना वाटतं, कोणी पाहिलंच नाही!

भांदकच्या लेण्यात मास्तर अंधारात उभे राहून भिक्षूंच्या शांतीवर बोलत होते. तेवढ्यात वटवाघळं उठली. मास्तर बाहेर आले ते चार पायांवर, टोपी आतच!

“काय झालं, मास्तर?”

“साष्टांग नमस्कार घालत होतो,” म्हणाले.

घरी मात्र टोपी एका गरीब साधूला दान केल्याचं सांगितलं. बायकोनं नवी घेऊन दिली.

बल्लारपूरच्या किल्ल्याकडे जाताना रहीमभाईंची नवीकोरी पँट सीटवर टर्रकन फाटली. मी मागेच होते, दिसायचं ते दिसलं. चांद्याचा एक नंबरचा टेलर, अन् जवळ सुई नाही! मग आतून ट्यूबचा तुकडा, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेला. पंधरा मिनिटांत पंक्चर काढून दिलं.

“ये बात घर तक नहीं जानी चाहिए,” ते म्हणाले. घरी त्यांनी ती विलायती फॅशन ठरवली.

मार्कंड्याच्या वाटेवर पाचोळा वाजला. “वाघ!” दामूभाऊंनी सायकल टाकली आणि मोहाच्या झाडावर चढले. पाचोळ्यातून टोपलं घेऊन एक गोंड म्हातारी निघाली. तिनं वर पाहिलं.

“मोहफुलं खालीच पडते, भाऊ. वर काऊन चढला?”

घरी दामूभाऊंनी वाघाला नजरेनं परत पाठवलं होतं. बायकोनं दारातच ओवाळलं. पुढं दर रविवारी पुरणपोळी.

तर मास्तरांची मूठ अजून बाकावरच होती. वैरागड मला पाहायचाच होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मी मास्तरांच्याच पुस्तकातलं त्याचं वर्णन अक्षर-अक्षर लावून वाचलं होतं. ते फोटोसाठी सोडून द्यायचं?

“शेवटचं सांगतो, शांताबाई,” मास्तर म्हणाले. “पंप दे अन् घरी राह्य.”

मी हात पुसले, पंप उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बरं. घरीच राह्यतो. रविवारी तुमच्या तिघाइच्या बायकाइले चहाले बोलावतो, अन् तीन वर्सं मांगून काय काय दिसलं, थे सांगतो.”