तात्यांच्या सर्व्हरची खंडेनवमी

कोणार्कनगरात वर्षभर एक बातमी फिरत होती. निरगुडे तात्यांनी ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर होताना विमानाचा एक तुकडा घरी आणला, आणि तो त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीखाली अहोरात्र घरघरतो म्हणे. समोरच्या प्रफुल्ल खैरनारने ती घरघर स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आता प्रफुल्लच्या कानांचं काय सांगावं, शेजारच्या कुकरच्या शिट्टीवरून त्याला डाळ कोणती ते कळतं.

विमान वगैरे काही नव्हतं. तेरा वर्षं जुना कॉम्प्युटर होता. दुकानदाराने "काका, भंगारात टाका" म्हटलं आणि तात्या इरेला पेटले. लेथवर तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला भंगार हा शब्द फार लागतो. यूट्यूबवर बघून, तीनदा चुकून, चौथ्यांदा त्यांनी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम घातली आणि मशीन चक्क पळायला लागलं. मग त्याचा घरचा सर्व्हर झाला. फोटो, ललिताकाकूंची कीर्तनं, सगळं त्याच्या पोटात. घरातल्या कुणीही आपल्या फोनवर उघडावं आणि बघावं.

तात्यांना त्यातलं सगळं कळत होतं असं मुळीच नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की काम फत्ते झालं तरी मशीन चकार शब्द बोलत नसे. चुकलं तर मात्र पानभर इंग्रजी. "अरे, झालं की नाही?" तात्या पडद्यालाच विचारत.

"तुमच्यावरच गेलंय," काकू म्हणत. "भाजी चांगली झाली की गप्प. मीठ जास्त पडलं की भाषण!"

एक हुकूम तेवढा त्यांचा लाडका. मशीन न थांबता किती दिवस चालू आहे, ते त्यात दिसे. इन्व्हर्टरच्या कृपेने दिवाळीनंतर ते एकदाही बंद पडलं नव्हतं. रोज सकाळी चहाबरोबर तात्या आकडा मोठ्याने वाचत. अष्टमीला आकडा होता तीनशे एकोणीस.

"उद्या खंडेनवमी," काकू म्हणाल्या. "ते बंद कधी करताय?"

तात्यांचा चहा थांबला. कारखान्यात खंडेनवमीला लेथ पुसून, बंद करून, झेंडूचा हार घालणारे हेच. चालू यंत्राला हळद लावणाऱ्या पोरांना झापणारेही हेच. पण यूट्यूबवाला म्हणाला होता, जुनी हार्ड डिस्क फिरतेय तोवर फिरते. थांबली की परत फिरेलच याची हमी नाही. आणि लेकीच्या, संजनाच्या लग्नाचे फोटो फक्त तिथेच होते. पेनड्राइव्ह घर बदलताना हरवला, फोटोग्राफर दुकान बंद करून कुठे गेला कुणाला ठाऊक.

"पण हे हत्यार आहे का नक्की?" तात्यांनी पळवाट शोधली.

"मग काय आहे, पाहुणा?"

तात्या उठले. त्यांनी संजनाचा जुना लॅपटॉप काढला आणि फोटो तिकडे उतरवायचा हुकूम दिला. पडदा गप्प. एक तास गेला, दोन गेले. चाललंय की अडकलंय? तात्या लॅपटॉपला हात लावून बघत, ताप बघावा तसा. साडेतीन तासांनी पडद्यावर पुढची ओळ आली, तीही मुकाट. त्यांनी दोन्हीकडच्या फोल्डरचा आकार मोजला. इकडे एक आकडा, तिकडे थोडा वेगळा. पुन्हा मोजला, तरी वेगळाच. उघडून बघितलं तर हळद दिसली, सप्तपदी दिसली. मग कमी काय पडलं? का जास्त आलं?

नवमीला काकू ताम्हन घेऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि बंद करायचा हुकूम टाकला. घरघर थांबली. घर इतकं शांत झालं की समोरून प्रफुल्ल ओरडला, "तात्या, लाइट गेली का हो?"

हार घातला, नारळ फुटला. तात्या दिवसभर टीव्हीखाली डोकावत राहिले.

दसऱ्याला सकाळी त्यांनी बटण दाबलं. खर्र झालं. मग काही नाही. मग पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि अर्ध्यात येऊन थबकली. नेमका तेव्हाच प्रफुल्ल आपट्याची पानं घेऊन आत आला. "सोनं घ्या तात्या! हे काय, देव कोपला?"

"गप. डिस्क तपासतंय बहुतेक."

"बहुतेक?"

"मला काय विचारतो? ते मला तरी कुठे सांगतंय?"

काकू पोळपाट-लाटणं तसंच ठेवून बाहेर आल्या. तिघंही पडद्याकडे बघत राहिले, कुणालाच काही कळेना. बऱ्याच वेळाने अक्षरं सरसर पळाली आणि मशीनने पासवर्ड मागितला. तात्यांनी तो दोनदा चुकवला. मग फोटो उघडले. संजना, मुंडावळ्या, अंतरपाट, पहिल्या पंगतीत प्रफुल्ल. सगळं जागच्या जागी. सवयीने त्यांनी लाडका हुकूमही टाकला. उत्तर आलं, नऊ मिनिटं.

प्रफुल्लला आयतं कोलीत मिळालं. "तीनशे वीस दिवसांची तपश्चर्या एका नारळापायी घालवली की हो! आणि तात्या, हे उठलंच नसतं, लॅपटॉपमध्येही काही निघालं नसतं, तर काय केलं असतं?"

तात्या म्हणाले, "संजनाचं लग्न परत लावलं असतं. जेवायला तू होतासच."