बशीरभाईंच्या गाडीतली मागची सीट

"पॅपिलरी कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाले. म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर. "बरा होतो, इन्शाल्ला." पुढचं मला ऐकूच आलं नाही. दाढी करताना गळ्याशी हाताला लागणाऱ्या गाठीला मी महिनाभर सर्दीची गाठ म्हणत होतो.

बायको पुण्याला, मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली. तिला मीच म्हटलं, तू येऊ नकोस. मग माझं केलं कुणी? इथे आखातात, उम्म सलाल मोहम्मद गावात, आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बशीरभाईंनी. मूळचे सियालकोटचे. मुलगी नूर लाहोरला दिलेली, तिच्या बाळाचे फोटो मला रोज दाखवणार. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस रजा टाकून बाहेर बसून होता.

ऑपरेशननंतर रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन. ही किरणोत्सर्गी गोळी थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी मारते. ज्यांना घ्यायची आहे त्यांना सांगतो, घाबरू नका. आधी काही दिवस, आणि गोळीनंतरही दोनेक दिवस, आयोडीनचं मीठ, मासे, अंडी, दूध बंद. नंतर तुमच्याच अंगातून किरणं निघतात, म्हणून आठवडाभर माणसांपासून लांब राहायचं. दुखत काही नाही. मला दुखलं ते दुसरंच.

गोळीच्या दिवशी बशीरभाई मला हॉस्पिटलच्या दारात सोडून गाडी लावायला गेले. तेव्हा सीमेवर वातावरण तापलेलं होतं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'लाहोरवर एक अणुबॉम्ब टाका, कटकट खलास!' मी खाली हसरे चेहरे टाकले, चांगले रांगेने. शेजारी केइको नावाची जपानी बाई तिच्या गोळीसाठी थांबलेली, सोबत अमेरिकन नवरा डेव्हिड. एवढं काय हसताय, तिने विचारलं. आणि मी शहाण्याने ते इंग्रजीत करून सांगितलं. जपानी बाईला! अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

ती चिडली नाही. "माझी आई तेरा वर्षांची होती," म्हणाली. "हिरोशिमात. वर्गातल्या मैत्रिणी तिला परत दिसल्या नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग डेव्हिड हळूच म्हणाला, "माझे वडील नौदलात होते. बातमी कळली तेव्हा ते जहाजावर नाचले होते. आमचं लग्न ठरताना हिच्या आईसमोर बसून त्यांनी ते सांगून टाकलं. कुणी विचारलंही नव्हतं."

"आई उठून आत गेली," केइको म्हणाली. "वाटलं, मोडलं लग्न. बऱ्याच वेळाने ती त्यांच्यासाठी भात घेऊन आली. म्हणाली, 'मी नाचलो' असं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं."

तेवढ्यात नर्सने मला हाक मारली.

परतताना नियमाप्रमाणे मी मागे, ड्रायव्हरपासून लांबच्या कोपऱ्यात बसलो. बशीरभाईंनी माझ्यासाठी एसी वाढवला. ते बघून मला राहवेना. मेसेज सांगितला, हसरे चेहरेही सांगितले. आरशात त्यांचे डोळे एकदा माझ्यावर आले आणि रस्त्याकडे वळले. दारात माझी पिशवी ठेवली, त्यांचं दार लागलं.

कॅन्सर कळला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी एकटाच बसून रडलो. ज्याच्या जिवावर औषधपाणी चाललंय, त्याच्या नातवावर बॉम्ब टाकून मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. कडीला डबा अडकवलेला, आणि बशीरभाई लांब जिन्यापाशी उभे.

"अंडा नहीं, दूध नहीं. नमक वो तुम्हारावाला." मग मान खाली घालून म्हणाले, "पवारसाब, हमारे ग्रुप में भी आया था. उसमें पूना का नाम था. मैं भी हँसा था."

पुण्यात माझी मुलगी ओली बाळंतीण होती. आम्ही दोघं घोडे तिथे उभे, पण एकमेकांकडे बघायची हिंमत होईना.

"बच्चा कैसा है?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मजे में. नूर का?"

"उसके दाँत आ रहे हैं."

त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आठवडाभर ते जमणार नव्हतं. आठवडा संपला त्या दिवशी सकाळीच मी त्यांचं दार वाजवलं आणि आधी ते काम केलं.

माझा स्कॅन स्वच्छ आलाय. डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण मी जास्त देणं लागतो ते केइकोच्या आईचं. ग्रुपवर अजूनही तसलं काही येतं. मी खाली एवढंच लिहितो, "लाहोरला आमची नूर राहते. तिचं बाळ आता चालायला लागलंय." त्यावर कुणी हसरा चेहरा टाकत नाही.