उरलेली जागा

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. अंबरनाथ पूर्वेचा बाजार जेवायला गेलाय. भाजीच्या गाड्यांवर ओली पोती पडलीत आणि रस्त्यावर कुत्रंही नाही. एका इमारतीच्या जिन्याखाली हातभर रुंदीचं दुकान, शटर कमरेपर्यंत ओढलेलं. आत एक पिवळा बल्ब. बल्बखाली एक सडपातळ माणूस, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. समोर दोन टेपडेक आणि त्यांच्या काचांमागे आवाज दाखवणारे, थरथरणारे काटे. भिंतीवर शांत बसलेले बुद्ध. साल एकोणीसशे नव्वद.

हा हरिचंद्र ओव्हाळ. आधी कारखान्यात होता, मग रेकॉर्डींच्या नादात नोकरी सोडून हे दुकान मांडलं. ओव्हाळ म्युझिक सेंटर. लोक कोरी किंवा जुनी कॅसेट आणि गाण्यांची यादी आणून द्यायचे, हरिचंद्र रेकॉर्डीवरून भरून द्यायचा. एवढं तर दहा जण करत. पण यादी संपली तरी बाजूच्या शेवटी तीन-चार मिनिटांची पट्टी कोरी राहते. तिथं हरिचंद्र आपल्या पसंतीचं काहीतरी भरायचा. न मागितलेलं.

"यादी तुमची, उरलेली जागा माझी," असं तो म्हणायचा.

त्या जागेनं गावाचे कान बदलले. लग्नाची उडती गाणी न्यायला आलेल्या एका फिटरला त्यानं शेवटी सारंगी भरून दिली. फिटर आठवड्यानं भांडायला आला. महिन्यानं पुन्हा आला आणि मान खाली घालून म्हणाला, "साला, ते रडणारं वाद्य अजून आहे का तुझ्याकडं?" उल्हासनगरच्या बायकांना त्यानं कोकणातल्या गौरीची गाणी ऐकवली, बदलापूरच्या भजनकऱ्यांना कव्वाली. "ते शेवटचं कोणाचं हो?" हे वाक्य कानावर पडलं की त्याचा दिवस साजरा व्हायचा.

दुसरा नियम त्याहून कडक होता. जुनी कॅसेट पुसण्याआधी दोन्ही बाजू ऐकायच्या. कोणाचं काय आत राहिलेलं असेल, सांगता येत नाही. हा नियम तो आयुष्यात एकदाच चुकला.

त्या दुपारी शटरखालून दोन पाय दिसले. अनवाणी, चिखल वाळलेले.

"दुकान चारला उघडतं," हरिचंद्र म्हणाला.

"मी मांजर्लीवरून आलीय दादा. परत जायचंय."

बाई वाकून आत आली. विटकं लुगडं, कपाळ मोकळं. नाव वेणू. तिनं कमरेच्या पिशवीतून एक पिवळी कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. वरची अक्षरं हरिचंद्रनं लगेच ओळखली, कारण ती त्याचीच होती. तीन वर्षांमागं तिच्या तुळशी नावाच्या नणंदेच्या हळदीसाठी ही बाई यादी घेऊन आली होती.

"आमचे बुवा गेले," वेणू म्हणाली. "माझे मालक, शिवरामबुवा. भजन करायचे. गेल्या श्रावणात नदी चढली, बैल सोडायला गेले ते तिसऱ्या दिवशी गावले. घरात पाणी शिरलं, फोटूपण ऱ्हायला नाय." ती थांबली. "परवा पखवाजवाला रघु बोलला, वहिनी, बुवांचा गजर एकदा टेपात घेतलेला, पिवळ्या कॅसेटीत. मना ठावंच नव्हतं. मी तीच उचलून तुमच्याकडं आणलेली. दादा, कुठं ऱ्हायला असंल का त्यांचा आवाज?"

"कुठल्या बाजूला होता म्हणाला?"

"दुसऱ्या. पार शेवटाला."

हरिचंद्रनं पिवळी कॅसेट उलटी केली. त्याला तो दिवस आठवला. पहिली बाजू त्यानं ऐकली होती, नुसती खरखर. दुसरी ऐकायचा कंटाळा केला, कारण त्याच सकाळी एक जुनी रेकॉर्ड हाती लागली होती, कोणा विसरलेल्या गायिकेची, आणि ती कधी एकदा कोणाच्या कॅसेटच्या शेवटी बसवतो असं झालं होतं. वेणूची यादी चार मिनिटं आधीच संपत होती. तेवढ्यावरच तो थांबला असता, तर बुवा राहिले असते.

त्यानं हेडफोन काढून ठेवला. कॅसेट डेकमध्ये घातली, दुसरी बाजू पुढं पळवली. हळदीचं शेवटचं गाणं आलं, संपलं. आता रेकॉर्ड बदलताना पडलेली दोन क्षणांची फट येणार आणि मग ती गायिका.

फट आली. आवाज नव्हता, पण काटा हलला.

हरिचंद्रनं मागं घेतलं, आवाज पूर्ण वाढवला. समुद्रासारखी खरखर, आणि तिच्या तळातून कोणीतरी खाकरलं. गाण्याआधी गळा मोकळा करावा तसं. मग अगदी जवळून, जणू काउंटरच्या या बाजूनं, "बसा मंडळी, ब..." आणि गायिकेनं सूर लावला. डेक थांबवल्यामुळं फटीतली तेवढी पट्टी पुसायची राहिली होती.

वेणू पटकन काउंटर धरून उभी राहिली. "हेच. गजराआधी खाकरायचे आन् बसा बोलायचे. लोक बसलेलं असलं तरी बोलायचे. परत लावा."

त्यानं परत लावलं. सात वेळा लावलं. आठव्या वेळी तिनं विचारलं, "पुढचं?"

बुद्धांकडं न बघता हरिचंद्र म्हणाला, "ताई, पुढचं मी पुसलं. तुमच्या यादीत नव्हतं ते गाणं. माझं होतं."

 गायिका गात होती. वेणूनं पदरानं तोंड पुसलं आणि भलतंच बोलली.

"हे गाणं बुवा रोज लावायचे. तुळशीचं लगीन झाल्यावरपण. उलटी करून, पळवून, हेच. बोलायचे, हा दुकानवाला जाणता हाय, एकदा अंबरनाथला जाऊन त्याच्याकडं बसायचंय. पण त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाय दादा, का हितं त्यांचा गजर व्हता."

आपला पुसलेला आवाज जिथं होता, तिथंच तो माणूस रोज कान लावून बसत होता. हरिचंद्रनं डेक बंद केला.

"तेवढंच भरून द्या," वेणू म्हणाली.

"दोनच सेकंद आहेत ताई."

"मग दोन्ही बाजू भरा."

तिला पाठवून त्यानं ते काम केलं. चार दुपारी, शटर ओढून. दोन सेकंद घ्यायचे, थांबायचं, मागं न्यायचं, पुन्हा घ्यायचे. खाकरणं, बसा मंडळी. खाकरणं, बसा मंडळी. तास भरेपर्यंत किती वेळा, ते त्यानं मोजलं नाही. चौथ्या दुपारी मात्र त्याला असं वाटलं की आपण बटण दाबायच्या आधीच खाकरणं ऐकू येतंय. त्यानं हेडफोन काढला. तरी आलं.

ओव्हाळांच्या घरात भूत मानत नव्हते. छप्पन साली वडिलांनी घरचे देव नदीत सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही गेली, असं तो हसून सांगायचा. पण त्या कामानंतर त्यानं उरलेली जागा भरणं बंद केलं. यादी संपली की पट्टी कोरी सोडायचा. गिऱ्हाइकं रुसली. फिटर म्हणाला, "ओव्हाळ, म्हातारा झालास काय? माझं रडणारं कुठाय?"

मग महिन्याभरानं तोच फिटर कॅसेट घेऊन आला. "शेवटी कोण खाकरतंय रे? बायको घाबरली."

पाठोपाठ बेलवलीची एक मास्तरीण आली. मग आणखी कोणी. उल्हासनगरला कोऱ्या कॅसेटी देणाऱ्या शेठला हरिचंद्रनं विचारलं, तर तो पोट हलवून हसला. "साईं, भूत-वूत कुछ नहीं. पुराना टेप, नया डिब्बा. किसीका भी खाँसी निकलेगा!"

हरिचंद्रला हे पटलं. पटवून घेतलं. उरलेल्या सगळ्या कोऱ्या कॅसेटी त्यानं एकेक करून ऐकल्या. एकीतही काही नव्हतं. भरल्या की मात्र यायचं, यादी संपल्यावर, मोकळ्या जागेत. डेकची मुंडी, पट्टी वाचणारं ते हेड, त्यानं तीनदा बदललं.

शेवटी एका सकाळी तो बाजारातून लाकडी स्टूल घेऊन आला आणि काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवलं. कोणी बसायला लागलं तर नम्रपणे म्हणायचा, "ते नको, दुसरं देतो." बायको चांगुणा डबा घेऊन यायची, तिनं हटकलं, "कोणासाठी ठेवलंय ते? पाहुणे येणारेत?"

"येतो म्हणून सांगितलंय एकानं."

"मग येत का नाही?"

"मंडळी बसायची वाट बघत असेल," हरिचंद्र म्हणाला. चांगुणाला ही थट्टा वाटली.

स्टूल आल्यापासून कॅसेटींतलं खाकरणं थांबलं. फिटरला त्याची सारंगी पुन्हा मिळू लागली. दर श्रावणात वेणू मांजर्लीहून यायची, उभ्या उभ्या ते गायिकेचं गाणं ऐकायची, स्टुलाकडं एकदा बघायची आणि तांदळाची पुरचुंडी ठेवून जायची. तिच्याकडची दोन सेकंदांची कॅसेट घासून घासून बंद पडली तेव्हा तिनं दुसरी मागितली नाही. "आता नको," म्हणाली, "तिकडं त्यांची सोय झालीय."

सत्त्याण्णव साली हरिचंद्रच्या छातीत पाणी झालं. दुकान बंद झालं, एक डेक आणि ते स्टूल घरी आलं. शेवटच्या दिवसांत बोलणं जवळजवळ थांबलं होतं. तो गेल्यावर बाजारात निरनिराळं ऐकू यायचं. कोणी म्हणे, त्यानं सारंगी लावायला सांगितली. कोणी म्हणे, उरलेली जागा भरू नका, असं बजावून गेला. ते काही खरं नाही. खाटेजवळ चांगुणा होती, आणि तिनं पाहिलं तेच खरं. दुपारचे तीन वाजले होते. डेकवर गायिकेचं तेच गाणं चाललं होतं, ते संपलं आणि कोरी पट्टी फिरू लागली. चांगुणा बंद करायला उठली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं. खोलीत काही आवाज नव्हता, पण काटा हलत होता. हरिचंद्रनं मान स्टुलाकडं वळवली, चेहऱ्यावर संकोचाचं हसू आलं, घरी मोठा माणूस आल्यावर येतं तसं, आणि तो स्वच्छ आवाजात म्हणाला,

"या बुवा. बसा. जागा ठेवलीय."