हवालदारीणबाईंची म्हैस

उजव्या हाताचं एक बोट वर, डोळे मिटलेले आणि ओठ किंचित हलताहेत. हवालदारीणबाई अशा उभ्या राहिल्या की समजायचं, त्या नुकतंच काहीतरी शिकल्यात आणि आपण ते नेमकं कसं शिकलो हे आत डोकावून बघताहेत. मग ताटात आमटी निवत असो, नाहीतर प्रार्थनेची घंटा होऊन गेलेली असो. कुणी हाक मारलीच तर उत्तर ठरलेलं.

"थांबा गं, मला माझं बघू द्या."

पुस्तकातलं वाचून परीक्षेत लिहायचं आणि मोकळं व्हायचं, ही माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. आपण सगळे त्यातलेच. पण पुस्तकात जे छापलंय ते आपल्यालाही लागू आहे, असं धरून चालणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. साताऱ्यात मास्तरणी तयार करण्याच्या ट्रेनिंग वर्गात आम्ही शिकत होतो. मी सांगलीची, नुकती सातवीची फायनल पास झालेली, दोन वेण्या घालणारी. त्या शिरवळच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, तिशी ओलांडलेल्या. नवरा पलटणीत हवालदार, लढाईवर गेलेला. घरी सासू आणि दोन म्हशी. गावातल्या मास्तरांच्या बायकोपाशी बसून त्यांनी फायनलचा अभ्यास केला होता आणि शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाला बायका हव्याच होत्या म्हणून त्यांची वर्णी लागली होती. वसतिगृहात आमची खोली एक. वयानं एवढ्या मोठ्या बाईला नावानं कशी हाक मारायची, म्हणून आम्ही त्यांना हवालदारीणबाई म्हणायचो. त्यांनाही ते आवडायचं.

मानसशास्त्र हा विषय आम्हा सगळ्याजणींच्या मानगुटीवर बसला होता. शिकवणारे सर कोरडे, पुस्तक त्याहून कोरडं. त्यात एक उपाशी मांजर होतं. त्याला पेटीत कोंडलेलं, बाहेर मासा ठेवलेला. मांजर धडपडतं, ओरबाडतं, चुकून कडीला पंजा लागतो आणि दार उघडतं. पुन्हा कोंडलं की जरा लवकर उघडतं. यावरून प्राणी प्रयत्न करत, चुकत शिकतो, असा सिद्धांत. आम्ही माना डोलावून उतरवून घेतला. हवालदारीणबाई मात्र उभ्या राहिल्या.

"सर, त्ये शिकलं का वैतागलं?"

वर्ग हसला. सरांनी चष्मा पुसला आणि हा प्रश्न परीक्षेत येत नाही असं सांगितलं.

पुढं शिकण्याचे नियम आले. पहिला तयारीचा. मन तयार असेल तरच शिकणं सुखाचं होतं, एरवी त्रासाचं. झालं, त्या दिवसापासून पुस्तक उघडण्याआधी त्या खाटेवर मांडी घालून स्वतःला विचारायच्या, "तयारी हाय का?" थोडा वेळ वाट बघायच्या. मग उठून म्हणायच्या, "न्हाई." आणि धुणं घेऊन हौदावर जायच्या. त्यांची लुगडी त्या महिन्यात जितकी स्वच्छ होती तितकी नंतर कधी दिसली नाहीत.

मग परिणामाचा नियम. केल्याचं फळ गोड मिळालं की ती गोष्ट पक्की होते. सांगलीहून मी गुळाची ढेप आणली होती. बाईंनी मला विचारून तिचा एक तुकडा घेतला, बारीक खडे केले आणि पदराच्या गाठीत बांधले. एक व्याख्या पाठ झाली की एक खडा तोंडात. आठवडाभर व्याख्या धडाधड पाठ होत गेल्या. नंतर मात्र खडा तोंडात टाकल्याशिवाय एक अक्षर आठवेना. शिवाय त्यांच्या पदराच्या मागोमाग मुंग्यांची रांग. रेक्टरबाईंनी खोलीची झडती घेतली तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही.

"बाई, माझा नियम चुकला न्हाई. फकस्त लय पक्का झाला."

माझी ढेप मात्र संपली होती.

दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं, प्रत्येकीनं स्वतःला न येणारी एक गोष्ट शिकायला घ्यायची आणि आपण कशा शिकतो याचं निरीक्षण लिहायचं. एकीनं लोकर विणायला घेतली. ती तिला लहानपणापासून येत होती. मी पेटी वाजवायला घेतली, दोन सुरांपर्यंत पोचले आणि बाकीचं निरीक्षण एका दुपारी कल्पनेनं पूर्ण केलं. हवालदारीणबाईंनी फळ्यावर म्हैस काढायला घेतली.

ही निवड अगदी शहाणपणाची होती. प्राथमिकच्या मास्तरणीला फळ्यावर चित्र काढता यायलाच हवं, त्याला गुण असतात. आणि जन्मभर म्हशींत वावरलेल्या बाईला म्हैस काढायला कितीसा वेळ लागणार? आम्हाला आपलं असं वाटलं.

रोज संध्याकाळी रिकाम्या वर्गात त्या खडू घेऊन उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशीची म्हैस मला अजून दिसते. एक भलंमोठं पोट आणि त्याखाली चार सड असलेली झकास कास. बस्स. पुढं तोंड नाही, मागं शेपूट नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड काढलं, ते पोटाला लावलेल्या कुलपासारखं दिसत होतं. महिना गेला, दोन महिने गेले. कास उत्तरोत्तर सुंदर होत गेली, तोंड जागच्या जागी. सरावानं प्रगती होते, पण मध्ये काही काळ ती थांबते, असं पुस्तकात होतंच. बाईंनी सरांना विचारलं, ही थांबलेली अवस्था किती दिवस टिकते? सर म्हणाले, ते माणसावर अवलंबून आहे.

"म्हंजे माझं मलाच बघाय लागंल," त्या माझ्या कानात म्हणाल्या आणि बोट वर करून डोळे मिटले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी शोध जाहीर केला. "कळलं गं पोरी. मी म्हशीच्या कुशीला बसते. धार काढताना कपाळ तिच्या पोटाला टेकलेलं आसतंय. कास रोज डोळ्यांम्होरं. तिचं त्वांड मी कवा धड बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्या मला सोबत घेऊन पेठेतल्या एका गवळ्याच्या गोठ्यासमोर जाऊन उभ्या राहायला लागल्या. गवळ्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं. तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दुधाला लय चांगली हाय बाई. घ्यायची का?"

"न्हाई बाबा. नुसतं त्वांड बघायचंय."

गवळ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्यांचं घरचं कुणी हाय का साताऱ्यात?"

याच सुमारास लढाई संपून पलटण परतली आणि हवालदार वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पुरुषांना आत मज्जाव. त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही, ते स्वतःच उंबऱ्याच्या अलीकडं ताठ थांबले. भर उन्हात लष्करी कोट, बूट लखलखीत. बाई पदर सावरत बाहेर गेल्या. आम्ही खिडकीला चिकटलो.

"दोन सालं ठरल्ती," हवालदार म्हणाले. "पास झालीस तर खुशाल मास्तरीण हो, म्हशी मी राखतो. नापास झालीस तर घरी. तिसरं साल न्हाई."

बाईंनी मान हलवली. हवालदार वळले ते सरळ मोटारस्टँडच्या दिशेनं चालत गेले.

आम्हाला राग आला. बाईंना नाही. "त्येंचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "म्हातारीला आता आवरत न्हाई." मग बराच वेळ लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या. "पर मला शाळंत उभं ऱ्हायाचंय गं. जातं बसून, चूल बसून, धार बसून. आख्खा जन्म बसून गेला माझा."

तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांच्या म्हशीची भीती वाटली.

अखेरच्या परीक्षेला प्रत्येकीनं सराव-शाळेतल्या मुलांना एक पाठ द्यायचा असे. परीक्षक काळा कोट घालून मागच्या बाकावर बसलेले, आम्ही बाकीच्या भिंतीकडेनं. पाठाच्या पाच ठरलेल्या पायऱ्या, त्या घंटा व्हायच्या आत चढायच्या. बोलायचं शुद्ध आणि मुलांपुढं आपलं अज्ञान उघडं करायचं नाही, हे तर सरांनी घोकूनच घेतलेलं. बाईंच्या वाट्याला विषय आला पाळीव जनावरं.

पहिली पायरी त्या छान चढल्या. भाषा अगदी पुस्तकी, आम्ही एकमेकींचे हात दाबले. मग त्या फळ्याकडं वळल्या. पोट आलं, कास आली, पाय आले. तोंडाशी हात घुटमळला आणि पुन्हा ते कुलूपच उमटलं. मागून एक कार्टं म्हणालं, "बाई, ती पेटी हाय व्हय?"

वर्ग हशानं फुटला. बाईंनी खडूसकट बोट वर केलं आणि डोळे मिटले. भर परीक्षेत! मी मनातल्या मनात हात जोडले. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. किती वेळ गेला कोण जाणे, बाईंनी डोळे उघडले आणि सगळी शुद्ध भाषा खाली ठेवली.

"खरं हाय रं. मला म्हशीचं त्वांड काढाय जमत न्हाई. तुमच्यात रोज कोण बघतंय? कुठं चुकतंय सांगा."

वर्गातली निम्मी पोरं दूध घालणाऱ्यांच्या घरची. ती फळ्यावर तुटून पडली. शिंगं मागं वळलेली पाहिजेत, कान शिंगांच्या खाली, नाकाड रुंद. एकाच्या म्हशीचं शिंग मोडकं होतं, तो तसंच काढायला बघत होता, त्यावरून भांडण झालं. बाई मध्ये उभ्या राहून सगळ्यांना एकेका खडूचा तुकडा वाटत होत्या आणि "आसं व्हय? आन् मान कशी?" असं विचारत होत्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. फळ्यावर अखेर जी उभी राहिली ती शंभर टक्के म्हैस होती. पण घंटा झाली तेव्हा बाई दुसऱ्याच पायरीवर होत्या.

निकाल लागला. मानसशास्त्रात त्या चक्क चांगल्या गुणांनी पास. पाठात नापास. आणि पाठात नापास म्हणजे सगळ्यातच नापास. वर्गावर ताबा नाही, चित्र मुलांनी काढलं, असा परीक्षकांचा शेरा होता. नियमाला धरून तो बरोबरच होता, आणि मला तो माणूस मुळीच आवडला नाही.

निकालाच्याच दिवशी हवालदार न्यायला आले. सुट्टी लागलेली, सगळ्यांचं सामान निघत होतं, त्यामुळं त्या दिवशी अंगणात यायला कुणाला मज्जाव नव्हता. टांगा उभा होता, बाईंची ट्रंक त्यात चढली होती.

"काय झालं?"

"पडले."

"कशात?"

"म्हशीत."

"म्हशीत? तू?"

"काढायची व्हती, फळ्यावर."

"हात्तिच्या!" हवालदारांना खरोखरच नवल वाटलं. "म्हस काढाय काय लागतंय?" त्यांनी कुंपणाची एक काटकी मोडली, उकिडवे बसले आणि अंगणातल्या मातीत रेघ ओढली. बाई वाकून बघत होत्या.

"ही शेळी हाय," त्या म्हणाल्या.

"शेळी? नीट बघ की."

"शेळीच हाय."

हवालदारांनी बुटानं ती पुसली आणि दुसरी काढली. दुसरी तर कुठल्याच जनावरात बसेना. त्यांनी कोट काढून टांगेवाल्याकडं दिला आणि बाह्या वर केल्या. बाई समोर बसल्या, दुसरी काटकी घेतली. "हितं शिंग मागं न्यायचं. आसं न्हवं, आवं, वाईच खाली." हवालदार घामाघूम. कपाळावर आठ्या, जीभ दातांत.

"मालक, मोटार चुकंल," टांगेवाला म्हणाला.

"चुकू दे रं. शिंगं बसंनात."

आम्ही सगळ्या पायरीवर येऊन उभ्या होतो. हसू येत होतं आणि मोठ्यानं हसवत नव्हतं. बऱ्याच वेळानं हवालदारांनी काटकी खाली ठेवली आणि बायकोकडं बघितलं, जणू ती कोण आहे हे त्यांना आत्ता कुणीतरी सांगितलं होतं.

"ह्ये तू रोज करायचीस?"

"व्हय."

"आन् जमत नसताना?"

"जमत नसतानाच की."

ते उठले, हात झाडले. "पलटणीत नाईक व्हायच्या परीक्षेला मी दोनदा पडल्तो," ते म्हणाले. बोलताना आमच्याकडं बघायचं टाळत होते. "घरी सांगितलं न्हाई कुणाला. सायेबानं तिसऱ्यांदा बसवला." मग टांगेवाल्याकडं वळून आवाज चढवला, "ट्रंक उतरव रं. सुट्टी संपली की हितंच यायचंय. नेऊन आणून कुणाचा फायदा?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला मात्र रडू आवरलं नाही.

पुढच्या वर्षी त्या पास झाल्या आणि कोयनेच्या खोऱ्यात कुठल्याशा शाळेवर लागल्या, एवढं मला एका मैत्रिणीकडून कळलं. भेट पुन्हा झाली नाही. मी सांगलीला नोकरी धरली, संसारात पडले, आणि शिकण्याचे ते नियम कधीच विसरून गेले.

पण निकालाच्या त्या संध्याकाळी मी सगळ्यांत शेवटी निघाले. खाटा उघड्या पडलेल्या, खुंट्या रिकाम्या, आणि भिंतीला लावून ती एकटी ट्रंक. रेक्टरबाई खोलीला कुलूप लावायला आल्या आणि ट्रंक बघून थबकल्या.

"ही कुणाची राहिली?"

"राहिली नाही बाई," मी म्हटलं. "ठेवलीय."