सासूबाईंचा दहीभात
विरजणाचा आंबूस वास आला की सोलापुरातला आमचा दवाखाना आठवतो. एका वर्षी गावात पटकीची साथ होती. माझे यजमान डॉक्टर. दह्यातही जंतू असतात, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यापासून सासूबाईंनी दहीभात सोडला. दुसरं काही त्यांना पचत नसे. त्या पार खंगल्या. शेवटी यजमानांनी काचेवर दह्याचा थेंब घेऊन त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "आई, पटकीचे जंतू वेगळे. हे दूध विरजणारे, आपले." एक डोळा मिटून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गुणाची दिसत्यात की! कालव गं भात." आज मी त्यांच्या वयाला पोचले, तरी त्या दिवशी पहिला घास उचलताना वाटीकडं बघून त्या हळूच बोलल्या ते कानात आहे, "रागावू नका रं, वळखलं न्हाय तुमास्नी."