एका वेळी एकच प्रश्न

चष्म्याचं दुकान चालवणारे सासरे मेंदूच्या झटक्यातून वाचले, पण त्यांच्या तोंडी दोनच शब्द उरले: हो आणि नाही. समजत मात्र सगळं होतं. रुग्णालयातून ते आपल्या घरी आल्या दिवशीच, मदतीला आलेल्या सुनेनं विचारलं, "बाबा, चहा आणू की कॉफी?"

"हो."

ती बुचकळ्यात पडली. सासूबाईंना हसू आलं. "बरोबर बोलले की! दोन्हीतलं एक हवंय. कुठलं, ते वेगळं विचार."

सासूबाईंचा हात शिवणाचा, आणि डोकंही तसंच, एकेक टाका घालणारं. 'थंडी वाजत नाही ना?' असं त्या विचारेनाशा झाल्या. त्यावरचा 'हो' ऐकून पांघरूण घालायचं की काढायचं, कसं कळणार? त्यापेक्षा 'थंडी वाजते?' एवढंच.

एका रविवारी मुलगा खाटेशी बसला. "बाबा, दुकान विकू आणि तुम्ही दोघं आमच्याकडेच राहा. चालेल?"

"नाही!" त्यांनी गादीवर हात आपटला.

मुलगा पडेल चेहऱ्यानं बाहेर आला. "आपल्याकडे यायचं नाही त्यांना."

सुनेला वाटलं, आपलंच काही बोलणं त्यांना लागलं असेल का?

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. "काय विचारलंस? जसंच्या तसं सांग."

त्यानं सांगितलं.

"अरे, एका दमात दोन गोष्टी विचारल्यास! त्यातली एक नको असली तरी माणूस नाहीच म्हणणार. दोन्ही नकोत, असं कुठे झालं?"

त्या खाटेशी गेल्या. "अहो, मुलाकडे राहायला जायचं?"

"हो."

दारात उभ्या मुलानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"दुकान विकायचं?"

"नाही."

"मग चालवायचं कुणी?" विचारलं आणि सासूबाईंनी जीभ चावली. याला हो-नाही काय म्हणणार? पण सासऱ्यांची नजर सुनेवर खिळली होती. अडल्यावेळी दुकानात बसायची ती.

"हिनं?"

"हो. हो. हो."

"अहो बाबा, मला काच घासता येत नाही!" सून ओरडलीच.

महिन्याभरात दुकान उघडलं. सासरे खुर्चीत, सून यंत्रापाशी. काचेची कड घासायची, त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. "अजून घासू?" "हो." "आता?" "नाही." पहिल्या दोन काचा फुटल्या. तिसरी चौकटीत खटकन बसली, तेव्हा तिनं आधी सासूबाईंना हाक मारली, "आई, एकेक विचारत जमलं बघा!"