कॅमेऱ्याची नवी पाठ घेऊन जासईला

सकाळी आठला आम्ही कळंबोलीहून निघालो. सलीमभाईंची रिक्षा दिवसभरासाठी सांगितली होती. मागे स्टँड आणि दिव्यांची पिशवी, शेजारी आमचे हे, आणि माझ्या मांडीवर एक काळी पेटी. लोखंड बाजारातले खड्डे आले की मी पेटी पोटाशी धरत होते. सलीमभाई उरणकडचे, त्यांना गप्प बसवत नाही. आरशात बघून म्हणाले, "भाभी, अंडी हायेत काय त्यात?"

हे हसले. मला हसू आलं नाही. त्या पेटीतल्या वस्तूसाठी आमचा तुर्भ्याचा गाळा विकायचा की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमचा कॅमेरा मिडियम फॉरमॅटचा, म्हणजे मोठ्या फिल्मचा. त्याचे तीन भाग सुटे होतात. पुढे लेन्स, मध्ये डबा, मागे पाठ. पूर्वी पाठीत फिल्म असायची. नंतर डिजिटल बॅक आली, तिलाही आम्ही पाठच म्हणतो. हे ज्या स्टुडिओत काम शिकले तो बंद पडला, तेव्हा मालकांनी कॅमेरा आणि एक डिजिटल पाठ यांना देऊन टाकली. तिच्यावर आमचं घर चाललं. आता ती थकली आहे. उन्हात तापली की फोटोत आडवी रेघ येते. म्हणून वाशीच्या एका ऑफिसातून नवी पाठ वापरून बघायला आणली होती. संध्याकाळी सहाला ती परत द्यायची आणि घेणार की नाही ते सांगायचं.

पहिला मुक्काम तुर्भे. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत कारखान्यात पोचायला तासभर गेला. तिथे पाण्याच्या मोठ्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनतात. सावंत मॅडम तिथलं छपाईचं काम बघतात. प्रदर्शनासाठी त्यांना भिंतीएवढे फोटो हवे आहेत. जुन्या पाठीचा फोटो तेवढा मोठा केला की फाटतो, म्हणजे नुसते ठिपके दिसतात, असं त्यांनी मागेच सांगितलं होतं.

यांनी व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला, त्याला टेकवून वर्तमानपत्राची एक पट्टी लावली. पट्टीवरची अक्षरं कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसली की फोकस बरोबर. ही त्यांची जुनी पद्धत. लेन्सवरची रिंग फिरवून ते दिव्यांकडे गेले. मग माझं काम. पट्टी काढायची आणि ब्रशने धूळ झटकायची.

पण पट्टी काढण्याआधी मी एकदा कॅमेऱ्यातून बघते. अक्षरं पुसट असतात. मी रिंग केसभर फिरवते, वाचता येईपर्यंत. मग पट्टी काढते. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण एवढ्यासाठी ती पुरते. मागच्या दिवाळीपासून हे चाललं आहे. यांना साखर आहे. डोळ्यांत लेझर मारून झालं. गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी आल्यावर हे म्हणाले, आता बरं दिसतंय. त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

नव्या पाठीला मागे काच आहे. तिच्यावर बोटाने फोटो मोठा होतो. मॅडमनी तो मोठा करत करत नेला, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा पेचाचा आटा न् आटा दिसला. त्या म्हणाल्या, "दादा, तुमची नजर अजून पोराची आहे."

यांचा चेहरा असा खुलला की मी मान खाली घालून दिव्याची वायर गुंडाळत बसले. रिक्षात बसताना हे म्हणाले, गाळ्याला गिऱ्हाईक बघायला हवं.

तिथून जासई. गव्हाण फाट्यानंतर रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी भरलेला. एका बाजूला पोखरलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला रंग उडालेल्या कंटेनरच्या भिंती. झाडांची पानंही करडी. सलीमभाई म्हणाले, त्यांच्या लहानपणी इथून खाडीपर्यंत मिठागरं दिसायची. आता नुसती धूळ. गावामागे बांधावर एक उघाडी (खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारं लाकडी दार) अजून उभी आहे. आम्ही मराठवाड्यातून आलो त्या वर्षी यांनी तिचा फोटो फिल्मवर काढला होता. तेव्हापासून दर वर्षी एक काढतात. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विकत घेत नाही. नव्या पाठीची खरी परीक्षा तिथेच, असं त्यांनी ठरवलं होतं.

बांधाच्या अलीकडे माझी चप्पल चिखलात रुतली ती निघेना. जवळच्या घरातून एक म्हातारी आली. तिने काठीने चप्पल उपसून दिली आणि पाय धुवायला तांब्या दिला.

"कोन गो तुमी? जमीन मोजायला आलाव?"

मी म्हटलं, फोटो काढायला.

"काढा. आमचं मीठ गेलं, भात गेला. फोटूला तरी काय तरी उरलंय." मग ती म्हणाली, "भाकर खाऊन जा बाय. उन्हान कुठं जातंस?"

तांदळाची मऊ भाकरी आणि सुकटीचं झणझणीत कालवण. मी पडवीत बसले. हे हाक मारून म्हणाले, ये मागून, आणि कॅमेरा घेऊन एकटेच बांधावर गेले. परक्यांच्या घरी मला घास गिळवत नाही. पाणी पिऊन उठता आलं असतं. पण मी दुसरी भाकरी मागितली. खरं लिहायचं तर मी मुद्दाम बसले. नवी पाठ काही लपवत नाही, तिनेच यांना एकदा डोळ्यांचं खरं दाखवावं, मला सांगावं लागणार नाही, असं माझ्या मनात होतं. भाकरी चांगली होती. मला तिची चव आठवत नाही.

मी पोचले तेव्हा हे पाठीची काच नाकाजवळ धरून उभे होते. मागच्या कंटेनरवरची अक्षरं लख्ख आली होती. पुढची उघाडी लोकरीसारखी. फळ्यांना कड नाही, खिळ्यांच्या जागी ठिपके.

मी वाट बघत होते. हे म्हणाले, "ही पाठ खराब आहे. तुर्भ्याला सावलीत बरी चालली. उन्हात तापली आणि बिघडली. जुनीचंच दुखणं हिला."

आणखी चार फोटो काढले. चारही तसेच. मी जवळ उभी होते, पण त्यांचा हात रिंगवरच होता.

परत निघालो. फाट्याजवळ गाड्या अडकल्या होत्या. हे उत्साहाने बोलत होते. बरं झालं वेळेवर कळलं, गाळा वाचला. ऑफिसातल्या माणसाला असं सुनावतो की लोकांना सदोष माल दाखवायचं विसरेल.

माझ्यासाठी ते तिथेच मिटलं होतं. गाळा राहत होता, मला तोंड उघडायची गरज नव्हती. पण मला ते ऑफिस दिसायला लागलं. तो माणूस कॅमेरा हातात घेणार, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढणार, आणि तारखा स्वच्छ येणार. चार माणसं बघत असणार. हे तिथे उभे असणार.

मी म्हटलं, "पाठ चांगली आहे. तुर्भ्याला रिंग मी फिरवली होती."

मग त्यांनी विचारलं, "आजच?"

"नाही. दिवाळीपासून."

"ते गिअरचे फोटो?"

"तेही."

"पैठणीचे?"

"तेही."

आणखी दोन-तीन कामांची नावं त्यांनी घेतली. मी प्रत्येकाला हो म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "जासईला का नाही आलीस मग?"

त्याला माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलं नाही. सलीमभाईंनी रिक्षातलं गाणं बंद केलं.

वाशीला पावणेसहा वाजले. काचेचं थंडगार ऑफिस, पांढऱ्या फरशीवर माझ्या पायाचा जासईचा चिखल. मी कडेला उभी राहिले. तिथल्या गृहस्थांनी पेटी तपासून घेतली आणि विचारलं, कशी वाटली? हे पेटीच्या कडीवरून बोट फिरवत राहिले. त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, "काही दोष आढळला का? मोकळेपणाने सांगा."

मी परक्या माणसाशी बोलत नाही. दुकानात गेले तरी बोट दाखवते. त्या दिवशी मीच म्हणाले, "दोष नाही. वस्तू उत्तम आहे. आम्हाला आता एवढं काम नाही."

गृहस्थ बरं म्हणाले आणि त्यांनी यांच्याकडे पावतीवर सही मागितली. सहीची जागा यांना लवकर सापडली नाही.

आता सावंत मॅडम दुसऱ्या कोणाला बोलावतील. जुन्या पाठीवर लहान कामं होतील, ती किती दिवस, आणि ती हे करतील की मी, ते आम्ही बोललेलो नाही. नवी पाठ आणली नसती तर आणखी वर्षभर मी केसभर रिंग फिरवत राहिले असते, आणि यांना नजर पोराची आहे असं वाटत राहिलं असतं. त्यांच्याकडून मी काय काढून घेतलं, ते मला परतीच्या वाटेवर कळत गेलं. कारखाने, टॉवर, खाडीचा पूल, सगळं मागे जात होतं. हे बाहेर बघत होते. त्यातलं त्यांना काय दिसत होतं, ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी ते विचारलं नाही.

कळंबोलीच्या पुलाखाली ट्रक उभे होते. आमची रिक्षा त्यांच्यामागे थांबली.

हे म्हणाले, "समोरच्या ट्रकवर काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. मालकाचं नाव, गाव, खाली आईचा आशीर्वाद. ते म्हणाले, आणि त्याच्या पुढच्यावर? तेही वाचलं. मग रिक्षा हळूहळू पुढे सरकायला लागली, आणि ते विचारायचे थांबले तरी मी घर येईपर्यंत वाचत राहिले.